पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावाची आरोग्यतयारी : होळीपासून मृगापर्यंतची कामे

महाराष्ट्रातील काही गावांचे दवाखान्यापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. मध्ये नाले किती आहेत, हे सांगावे लागते. भामरागड तालुक्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पलीकडची गावे तुटतात, ही वर्षानुवर्षांची गोष्ट आहे. मेळघाटात चिखलदरा आणि धारणी तालुक्यांच्या आतल्या ढाण्यांकडे, म्हणजे कोरकू वस्त्यांकडे, जाणारी वाट एका रात्रीच्या पावसाने चिखलात जाते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदाकाठच्या पाड्यांवर आरोग्य कर्मचाऱ्यांना बोटीने जावे लागते. अशा गावांसाठी जून ते सप्टेंबर हे चार महिने वेगळे असतात, आणि वाट बंद असताना जे लागते, त्यातले बहुतेक वाट सुरू असतानाच ठरवावे आणि आणून ठेवावे लागते. हे मार्गदर्शन त्या तयारीविषयी आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, शिक्षक आणि गावातील तरुण मंडळी यांना समोर ठेवून ते लिहिले आहे.

सुरुवात कोणी आणि केव्हा करावी

होळी झाल्यावर पहिली बैठक घ्यावी आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सर्व कामे हातावेगळी करावीत. बैठक ग्रामपंचायतीच्या गावी घेऊन भागत नाही, कारण एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे किंवा टोले असतात आणि पहिल्या पुरात नेमके त्यांतले दूरचे तुटतात. प्रत्येक पाड्यावर स्वतंत्र बसावे. बसताना जमिनीवर खडूने किंवा राखेने गावाचा नकाशा काढावा, त्यात प्रत्येक घर दाखवावे, आणि घराघरातील गरोदर स्त्री, दोन वर्षांखालील मूल, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण, फिट येणारी व्यक्ती आणि एकटे राहणारे म्हातारे यांच्या खुणा कराव्यात. आशाच्या नोंदवहीत यातील बरेच असते, पण चौकात नकाशा काढला की नोंदवहीत न आलेली माणसेही पुढे येतात : बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, कामावरून परतलेले कुटुंब, नव्याने वस्ती केलेली दोन घरे. क्षयरोग किंवा मानसिक आजार यांची खूण मात्र चारचौघांत करू नये. ती आशाने स्वतःच्या वहीत ठेवावी.

पैशाचा प्रश्न इथेच निघतो. समितीला मिळणारा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायची मोकळीक असलेला पैसा, लहान असतो, परंतु अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अबंध निधी म्हणून थेट मिळतो आणि आरोग्य हा त्यातून खर्च करता येणारा विषय आहे. स्ट्रेचर, सौर दिवा, पाणी तपासणीचे साहित्य यांसाठी ग्रामसभेचा ठराव एप्रिलमध्येच करून ठेवावा, कारण जुलैत ठराव करून जुलैत वस्तू येत नाही.

पावसाळ्यात होणारी बाळंतपणे

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ या कामाला द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात कोणाकोणाचे दिवस भरणार आहेत, याची यादी मार्च-एप्रिलमध्येच जवळजवळ पूर्ण करता येते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. तारीख आठवत नसेल तर सण विचारावा. पोळ्याच्या सुमारास शेवटची पाळी आलेल्या बाईचे दिवस जूनच्या आसपास भरतात, दसऱ्याच्या सुमारास आलेलीचे जुलैत, आणि दिवाळीनंतर महिनाभराने आलेलीचे सप्टेंबरात. आठ-पंधरा दिवसांचा फरक धरूनच चालावे.

यादीतील प्रत्येक स्त्रीची तपासणी मे महिन्यातच करून घ्यावी. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने आणि सिकलसेलची चाचणी एवढे झाले, तरी कोणाला गावात ठेवणे धोक्याचे आहे, हे बऱ्याच प्रमाणात कळते. आधीचे सिझेरियन, जुळे, पायाळू मूल, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, आधीच्या बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल, तर त्या स्त्रीने दिवस भरण्याआधीच रुग्णालयाच्या जवळ जाऊन राहिले पाहिजे. उरलेल्या स्त्रियांनीही तसेच करावे, कारण बरीच संकटे कोणतीही पूर्वसूचना न देता येतात.

त्यासाठीच आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघरे उभारली आहेत. तिथे गरोदर स्त्री काही दिवस आधी येऊन, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईक घेऊन राहू शकते. आपल्या केंद्राला माहेरघर आहे का, ते चालू आहे का, स्वयंपाक आणि पाण्याची सोय कशी आहे, हे समितीच्या दोन बायकांनी मे महिन्यात स्वतः जाऊन पाहावे. खोली बंद असेल किंवा तिचे कोठार झाले असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी संस्थेतील बाळंतपण, औषधे, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे, हेही घराघरात सांगितलेले असावे.

एवढे असूनही बायका जात नाहीत, आणि त्याला अडाणीपणा म्हणणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी निष्कर्ष आहे. जुलै म्हणजे भाताच्या रोवणीचा हंगाम. घरात आणखी दोन लेकरे असतात, शेळ्या असतात, सासू थकलेली असते, आणि माहेरघरात आठ दिवस बसून राहणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी आणि एका बांधीची रोवणी जाणे. त्यामुळे बाईला समजावण्याच्या आधी तिचे काम कोण करणार, हे ठरवावे. आदिवासी गावांत एकमेकांच्या शेतावर सामूहिकपणे राबण्याची रीत आहेच. यादीतील घरांची रोवणी गावाने कोणत्या दिवशी उरकून द्यायची, मुलांना कोणाच्या घरी जेवायला घालायचे, गुरे कोणी सांभाळायची, हे नावानिशी ठरले की नवरा आणि सासू यांचा विरोध बराच निवळतो. निघण्याचा दिवस आधीच मुक्रर करावा. कळा सुरू झाल्यावर सगळे घर जमवून निर्णय घ्यायला बसले, की तेवढ्यात नाला भरतो.

तरीही एखादे बाळंतपण गावात होईलच, हे धरून चालावे. साबणाने कोपरापर्यंत धुतलेले हात, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले कापड, नवे ब्लेड, उकळलेला दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणे, या गोष्टी गावातील दाई आणि आशा यांनी एकत्र बसून पक्क्या कराव्यात. दाईला बाजूला सारून हे काम होत नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दुर्गम गावात कोणाकडे ठेवायच्या आणि कोणी, केव्हा द्यायच्या, हे आरोग्यसेविकेकडून मे महिन्यातच समजून घ्यावे. प्रशिक्षण नसलेल्या हाताने त्या देऊ नयेत. बाळ जन्मण्यापूर्वी दिल्यास त्या घातक ठरतात.

पहिले अठ्ठावीस दिवस

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा ज्या गृहभेटी देतात, त्यांचे मूळ याच कामात आहे. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर प्रत्येक बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने जायचे असते. आशा नाल्याच्या पलीकडे राहत असेल, तर पावसाळ्यात या भेटी होणार नाहीत. म्हणून प्रत्येक पाड्यावरची एक बाई निवडून तिला बाळ पाहायला आधीच शिकवावे.

तिने काय पाहावे? बाळ जन्मताच कोरडे पुसून आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे ठेवले आहे का. पहिल्या तासात अंगावर पाजले का. अंघोळ लांबणीवर टाकली का. वजन अडीच किलोपेक्षा कमी तर नाही ना. मध, गूळपाणी किंवा शेळीचे दूध चाटवू देऊ नये. पीत असलेले बाळ प्यायचे थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, पोट आणि तळपाय थंड लागले, बेंबीतून पू आला, आचके आले किंवा शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास मोजले गेले, तर ते बाळ त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवे. नेताना ते आईच्या छातीशीच बांधून न्यावे.

मोठ्या मुलांसाठी श्वासाचा आकडा बदलतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शक्यता. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर धोका मोठा. मोजणी पूर्ण एक मिनिट, मूल रडत नसताना करावी. लिहिता-वाचता न येणारी स्त्री हे काम करू शकत नाही, अशी शंका घेणाऱ्यांनी जामखेडकडे पाहावे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या स्त्रियांना ग्रामआरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले, त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या.

विहिरीचे पाणी

पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी उघड्या विहिरीत उतरले की आठवड्याभरात जुलाबाची साथ येते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाणी शुद्ध करण्याची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. ती मे महिन्यातच पाड्यावर आणून, घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी, कारण ओल आणि ऊन लागले की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो.

किती पावडर टाकायची, हे पाण्याच्या मापावरून ठरते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याला त्याच संख्येने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १४,१३० लिटर होते. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला पस्तीस ग्रॅम. पावडर कोरडी फेकू नये. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करावी, मग बादली पाऊणभर भरून ढवळावी, दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीतून विहिरीत खाली सोडून बादली वरखाली हलवावी. तासाभरानंतर, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी चाचणी करावी; पाणी पिवळसर झाले नाही, तर पुन्हा क्लोरीन द्यावा. हे काम शक्यतो रात्री करावे, म्हणजे सकाळच्या भरणाआधी वेळ मिळतो. झरा किंवा झिऱ्याचे पाणी पिणाऱ्या वस्तीवर हा हिशेब चालत नाही; तिथे घराघरात पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्यावे.

जुलाब, ताप आणि सर्पदंश

प्रत्येक पाड्यावर एक घर औषधांचे ठरवावे. घर असे असावे की जिथे रात्री कोणीही निःसंकोच हाक मारू शकेल. सरपंचाचे घर नेहमीच तसे असते असे नाही. तिथे क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या भरपूर ठेवाव्यात. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचे असते. ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकण्याने प्रमाण बिघडते. पाकीट संपले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. झिंक सहा महिन्यांपुढील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस द्यावे. स्तनपान बंद करू नये. मूल पाणी पिईनासे झाले, सुस्तावले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये.

तापाच्या रुग्णाची मलेरियाची झटपट चाचणी त्याच दिवशी व्हावी. गडचिरोलीसारख्या भागात फाल्सिपेरम जातीचा मलेरिया असतो आणि तो काही दिवसांत मेंदूपर्यंत पोचू शकतो. चाचणीच्या पट्ट्या आणि औषधे आशाकडे पावसाळाभर पुरतील एवढी आहेत का, हे मोजून पाहावे, आणि गोळ्यांचा कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करायचा, हे रुग्णाच्या घरच्यांसमोर सांगावे. मच्छरदाणी मासे धरायला किंवा कोंबड्या झाकायला गेली असेल, तर रागावण्यात अर्थ नाही. दुसरी मिळवून द्यावी.

मच्छरदाणीचा आणखी एक उपयोग आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण नसली तरी मण्यारच समजून निघावे. खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते. दंश झालेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करावा, अंगठ्या-वाळे काढावेत, माणसाला चालवू नये. आवळून दोरी बांधणे, कापणे, चोखणे, कोंबडी लावणे यांत फक्त वेळ जातो. जवळच्या केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, हे जूनपूर्वी विचारावे. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात, त्यामुळे दोन-तीन कुप्या असलेल्या केंद्राला ‘औषध उपलब्ध’ म्हणता येत नाही.

सुरू असलेली औषधे आणि धान्य

क्षय, सिकलसेल, फिट, रक्तदाब, मधुमेह आणि मानसिक आजार यांची औषधे एक महिना खंडित झाली, तर त्याचा त्रास वर्षभर पुरतो. मे महिन्यात या रुग्णांना एकत्र केंद्रावर नेऊन तपासणी करून घ्यावी आणि पुराच्या काळासाठी जादा साठा मागावा. सिकलसेलच्या रुग्णांनी भिजणे, गारठणे आणि पाणी कमी पिणे टाळायचे असते. रोवणीच्या दिवसांत हे कठीण आहे, म्हणून त्यांना चिखलातले काम न देता बांधावरचे द्यावे.

धान्याबाबत नियम गावाच्या बाजूने आहेत. नवसंजीवन योजनेत पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना रेशनचे धान्य आगाऊ पोचवण्याची तरतूद आहे. आपले गाव तहसीलच्या त्या यादीत आहे का, हे पाहून घ्यावे. अंगणवाडीत अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, त्याचा शिधाही आधी यावा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचा दंडघेर मेअखेर मोजावा. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण. असे मूल वाट बंद होण्याआधी पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल व्हावे. साडेअकरा ते साडेबारा यांमधील मुलांवर दर आठवड्याला लक्ष ठेवावे.

निरोप आणि वाहतूक

१०८ आणि मातांसाठीची १०२ ही वाहने रस्ता असेल तिथपर्यंतच येतात. तिथवर कसे पोचायचे, हे गावाचे काम. मोबाइलची रेंज कोणत्या टेकडीवर, कोणत्या झाडापाशी येते, ती जागा सर्वांना माहीत असावी आणि सौर चार्जरवर भरलेला एक फोन औषधाच्या घरी कायम असावा. रेंज नसेल, तर निरोप घेऊन जाणाऱ्या दोघांची नावे ठरवावीत. खाटेला बांबू बांधून किंवा घोंगडीची झोळी करून रुग्ण न्यायचा असेल, तर आठ माणसे लागतात, चार-चारांच्या पाळीने. एकदा मे महिन्यात गावातल्याच धडधाकट माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेऊन पाहावे. दोर कुठे सुटतो आणि वेळ किती लागतो, हे तेव्हाच कळते. भरलेल्या नाल्यात मात्र उतरू नये. पाणी ओसरेपर्यंत थांबायचे की लांबच्या वाटेने जायचे, हा निर्णय घेणारी वाटाड्यांची दोन-तीन नावे आधी ठरलेली असावीत आणि त्यांचे ऐकावे.

मेळघाटात आजारी मूल आधी भूमका या पारंपरिक वैदूकडे जाते, गडचिरोलीत पुजाऱ्याकडे. त्यांना तयारीच्या बैठकीत सन्मानाने बसवावे. पोटावर डाग देणे थांबवावे, हे त्यांना स्पष्ट सांगावे, आणि त्याचबरोबर श्वास मोजणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवावे. मंत्र म्हणून झाल्यावर “आता दवाखान्यात न्या” असे भूमकाने म्हटले, तर घरचे लगेच उठतात. आरोग्यसेवकाने तेच दहा वेळा सांगूनही उठत नाहीत. ही बैठक माडिया, कोरकू किंवा पावरी अशा गावाच्या भाषेत व्हावी, हे वेगळे सांगायला नको.

मनाच्या आजाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बाळंतपणानंतर बाई गप्प होणे, दारू अचानक वाढणे, एखाद्याने ‘आता जगून काय करायचे’ असे बोलणे, या गोष्टी घरगुती म्हणून सोडू नयेत. पावसात फवारणीची औषधे घराच्या आत, हाताशी ठेवली जातात. ती कुलपात ठेवण्याचा नियम गावाने करावा. रेंज मिळेल तिथून १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

दिवाळीनंतर पुन्हा एकदा पाड्यापाड्यावर बसावे. चार महिन्यांत झालेला प्रत्येक मृत्यू, मृत जन्मलेली बाळे धरून, बोलून घ्यावा : लक्षण कोणत्या दिवशी दिसले, निर्णय केव्हा झाला, निघायला किती वेळ लागला, दवाखान्यात काय मिळाले नाही. ज्या घरातला मृत्यू आहे, त्या घराला दोष देण्याची सुरुवात झाली, तर पुढच्या वर्षी कोणी बोलणार नाही, म्हणून बैठक चालवणाऱ्याने ती तिथेच थांबवावी. निघालेल्या त्रुटींपैकी गावाच्या हातातल्या त्रुटी वहीत लिहाव्यात, आणि आरोग्य केंद्राच्या हातातल्या त्रुटी पत्रात लिहून नोव्हेंबरमध्येच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्याव्यात, म्हणजे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात त्यांना जागा मिळते.